रात्रपाळीचा माणूस

(इटारसी येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मराठी अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'अपघाताची चौकशी आणि कामगाराचा बचाव' असा विषय छापला आहे. मी नियमांची पुस्तिका बरोबर आणली आहे, ती इथे टेबलावर आहे. पण ती मी दुपारच्या सत्रात उघडीन. आता मी तुम्हाला एका टेलिव्हिजन मालिकेविषयी सांगणार आहे. चिटणीसाने वर्गात सिनेमाच्या गोष्टी सांगाव्यात का, असे कुणाला वाटेल. अर्धा तास कळ काढा.

मालिकेचे नाव 'चेर्नोबिल'. २०१९ साली निघाली, पाच भागांची आहे. लिहिली क्रेग मेझिन या अमेरिकन लेखकाने, दिग्दर्शन योहान रेंक या स्वीडिश माणसाचे. माझ्या मुलीने मला ती दाखविली. इंग्रजी मला जेमतेम समजते, त्यामुळे खालची अक्षरे वाचत आणि मधूनमधून थांबवून तिला विचारत मी पाच रात्री ती पाहिली. अणुशास्त्र मला कळत नाही. अणुवीज हवी की नको, या वादातही मी आज शिरत नाही, त्याला जाणकार माणसे आहेत. पण पाळी म्हणजे काय, रिलीव्हर म्हणजे काय, वरून आलेला हुकूम म्हणजे काय, हे मला कळते. आणि ती मालिका बघताना मला पहिल्या भागापासून वाटत राहिले, की ही गोष्ट आपल्या केबिनमधली आहे.

घटना थोडक्यात सांगतो. त्या वेळच्या सोव्हिएत युनियनमध्ये, आजच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिलचे अणुवीज केंद्र. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. एक चाचणी चालू होती. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटभरात, फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर पाण्याचे पंप चालतील का, एवढेच बघायचे होते. ही चाचणी २५ तारखेला दिवसा व्हायची होती. त्या पाळीच्या माणसांची तयारी झालेली होती. पण दुपारी कीव्हच्या वीज नियंत्रकाने सांगितले, आम्हाला वीज हवी आहे, भट्टी उतरवू नका. चाचणी रात्री ११ पर्यंत लांबली. आणि बाराला आलेल्या रात्रपाळीच्या गळ्यात ती पडली.

इथे मी मालिका थांबविली आणि मुलीला म्हटले, हे मला समजावून सांगू नकोस. इंजिनिअरिंग ब्लॉक दिवसाच्या गँगला मंजूर होतो, कंट्रोल म्हणते गाड्या तुंबल्या आहेत, ब्लॉक नंतर घ्या, आणि तोच ब्लॉक रात्री दोन वाजता दुसऱ्याच माणसांना मिळतो. ज्यांनी तयारी केली ते घरी झोपलेले, आणि जे हजर आहेत त्यांच्या हातात कागद. हे इथे बसलेल्या प्रत्येक ट्रॅकमेंटेनरला ठाऊक आहे.

भट्टीच्या नियंत्रण टेबलावर त्या रात्री लिओनिद तोप्तुनोव्ह नावाचा मुलगा बसला होता. वय २५. त्या जागेवर येऊन त्याला काही महिनेच झाले होते. पाळीप्रमुख अलेक्सांद्र अकिमोव्ह. आणि त्यांच्या डोक्यावर उपमुख्य अभियंता अनातोली द्यात्लोव्ह. शक्ती उतरवताना ती फारच खाली गेली, ३० मेगावॅटपर्यंत. चाचणी ठरली होती ७०० वर. मग रेटून ती २०० पर्यंत चढविली आणि चाचणी तशीच पुढे नेली. शेवटी भट्टी बंद करायचे आणीबाणीचे बटण दाबले गेले. त्या बटणाने सर्व नियंत्रक दांडे एकदम खाली जातात आणि भट्टी विझते, असे त्यांना शिकविले होते. पण त्या दांड्यांच्या खालच्या टोकाला ग्रॅफाइट होते. त्यामुळे दांडे शिरू लागताच पहिल्या काही सेकंदांत भट्टीच्या तळाशी शक्ती कमी होण्याऐवजी वाढली. आपल्या भाषेत सांगायचे, तर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि गाडी सुसाट सुटली.

आता लक्ष द्या. हा दोष ठाऊक होता. लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात १९८३ साली, म्हणजे तीन वर्षे आधी, चाचण्या घेताना तो दिसला होता. दुरुस्ती करायची ठरली आणि झाली नाही. पाळीवर बसणाऱ्या माणसाला या बटणात काय दडले आहे, हे कुणी नीट सांगितले नाही. योगायोग असा, की मालिकेतले वीज केंद्राचे बरेच चित्रण त्याच बंद पडलेल्या इग्नालिना केंद्रात झाले आहे.

पहिल्या भागात मीटरचा प्रसंग आहे. स्फोटानंतर किरणोत्सर्ग मोजतात आणि आकडा येतो ३.६ रॉन्टजेन. साहेब लोक म्हणतात, ठीक आहे, फार नाही. पुढे कळते की हाताशी असलेल्या मीटरचा काटाच ३.६ च्या पुढे जात नाही. काटा शेवटाला टेकून बसलेला, आणि तोच आकडा वर कळविला जातो. हे खरेच घडले होते. मालिकेतला हा धागा मला फार मोलाचा वाटला. वरिष्ठांना जे ऐकायचे आहे तेवढ्यापुरताच आपला काटा चालतो, हे खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला नवीन नाही.

त्या पहाटे अकिमोव्ह आणि तोप्तुनोव्ह काय करीत होते? भट्टी शाबूत आहे, तिला पाणी घातले पाहिजे, असा वरून हुकूम होता. दोघे गुडघाभर किरणोत्सारी पाण्यात उभे राहून हाताने व्हॉल्व्ह फिरवीत होते. ज्या भट्टीला पाणी घालायचे होते ती उरलीच नव्हती. दोघेही मे महिन्यात मॉस्कोच्या ६ नंबरच्या इस्पितळात गेले. पंपावरचा कामगार वालेरी खोदेमचुक तर सापडलाच नाही. त्याचा देह आजही त्या ढिगाऱ्यात आहे.

आणि एक नाव घेतो, जे मला मालिकेत कुठे दिसले नाही. अलेक्सांद्र लेलेचेन्को. विद्युत विभागाचा उपप्रमुख, वय ४७. टर्बाइन हॉलच्या जनरेटरमध्ये हायड्रोजन वायू असतो. तो पेटला असता तर आग शेजारच्या तिसऱ्या भट्टीपर्यंत गेली असती. हायड्रोजनचा पुरवठा तोडायला आत जायचे होते. त्याने आपल्या हाताखालच्या तरुण इलेक्ट्रिशियनना मागे ठेवले आणि तो स्वतः गेला, पुन्हा पुन्हा गेला. प्रथमोपचार घेऊन परत कामावर आला. ७ मे रोजी कीव्हमध्ये मरण पावला. मालिकेत अग्निशामक दल आहे, शास्त्रज्ञ आहेत, मंत्री आहे, पण त्या रात्री टर्बाइन हॉलमध्ये तेल काढणारे, वायू तोडणारे खातेनिहाय कामगार जवळजवळ नाहीतच. अशा वेळी आग विझवणारा लोकांना दिसतो, आग लागू न देणारा कुणाला दिसत नाही.

मालिका सर्वांत जड जाते ती अग्निशामक जवान इग्नातेन्को आणि त्याच्या बायकोची कथा बघताना. नवरा २५ वर्षांचा, रात्री आग विझवायला गेला, त्याला साधी आग सांगितली होती. ती गरोदर. मॉस्कोच्या इस्पितळात ती त्याच्याजवळ चोरून राहते. १३ मे रोजी तो गेला. पुढे जन्मलेले मूलही काही तासांत गेले. ही हकीकत स्वेतलाना अलेक्सिएविच या लेखिकेने त्या बाईच्या तोंडून लिहून घेतली होती. या लेखिकेला २०१५ साली साहित्याचे नोबेल मिळाले. मालिकेत असे सुचविले आहे, की नवऱ्याच्या अंगातले किरण बाळाला लागले. तज्ज्ञ मंडळींना हे मान्य नाही. कपडे काढून अंग धुतल्यावर अशा रुग्णापासून जवळच्या माणसाला फारसा धोका नसतो, असे ते म्हणतात. ते बरोबर असेल. माझे लक्ष दुसरीकडे होते. त्या बाईला कुणी काहीच सांगत नाही. प्रत्येक टेबलावर तिला वेगळे उत्तर मिळते. ड्युटीवर मेलेल्या माणसाच्या विधवेला घेऊन मी किती कार्यालयांच्या पायऱ्या चढलो, त्या सगळ्या मला आठवल्या.

जवानांचे कपडे प्रिप्यातच्या इस्पितळाच्या तळघरात टाकले होते. नर्सनी हातांनी ते उचलून नेले. ते कपडे तिथेच राहिले.

प्रिप्यात हे कामगारांचे गाव, केंद्रापासून तीन-चार किलोमीटरवर. जवळजवळ ४९ हजार वस्ती. स्फोटानंतर सुमारे ३६ तास त्यांना कुणी काही सांगितले नाही. शनिवारी मुले शाळेत गेली. टपाल आणि दूरसंचार खात्यातील मित्रांनो, त्या दिवशी गावाबाहेर जाणारे टेलिफोन बंद करण्यात आले होते. मालिकेत एक म्हातारा पुढारी भरल्या बैठकीत गाव सील करायला आणि तारा तोडायला सांगतो आणि सगळे टाळ्या वाजवितात. तो म्हातारा काल्पनिक आहे, पण तारा खरोखर बंद झाल्या. २७ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास सुमारे १,२०० बसगाड्या आल्या. तीन दिवसांसाठी जायचे आहे, कागदपत्रे घ्या, असे सांगितले. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. जगाला तर २८ तारखेला कळले, तेही स्वीडनच्या एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला म्हणून.

प्रिप्यातजवळ रेल्वे लाईनवर एक पूल आहे. मालिकेत त्या पुलावर उभे राहून लोक आग बघतात, मुले नाचतात, वरून राख पडते. शेवटी अक्षरे येतात, की त्यांतले कुणी वाचले नाही असे सांगितले जाते. याला आधार मिळालेला नाही. असे आणखीही आहे. उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञ मिळून एक पात्र केले आहे. भट्टीखालच्या पाण्यात उतरून व्हॉल्व्ह उघडणारे तिघे मरायला निघाल्यासारखे दाखविले आहेत, पण तिघेही त्यातून वाचले. मालिकाही शेवटी हे कबूल करते. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या सभांतही आकडे आणि हकीकती फुगविल्या जातात. खरी गोष्ट पुरेशी भयंकर असली, की तिला फुगवायची गरज नसते.

आता मला थोडे अवघड बोलायचे आहे. या सभागृहातले वडीलधारे साथी सोव्हिएत देशाकडे आदराने बघत मोठे झाले. भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या मदतीने उभा राहिला, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. तो देश स्वतःला कामगारांचे राज्य म्हणवीत होता. त्याच देशात, स्फोटानंतर पाच दिवसांनी, १ मे १९८६ रोजी, कीव्हच्या मुख्य रस्त्यावर मे दिनाची मिरवणूक निघाली. वारा त्या वेळी कीव्हकडे वळला होता. वरिष्ठांना किरणोत्सर्ग वाढल्याचे माहीत होते. सगळे आलबेल आहे हे दाखवायचे होते, म्हणून कामगार आणि शाळेची मुले हातात निशाणे घेऊन चालली. मालिकेत हे दृश्य नाही. असते तर मला ते छपरावरच्या दृश्यापेक्षाही सहन झाले नसते. आपलाच सण, आपलेच निशाण, आणि ते हातात देऊन माणसांना चालविले.

छपराचे दृश्य चौथ्या भागात आहे. स्फोटाने भट्टीच्या गाभ्यातले ग्रॅफाइट शेजारच्या छपरावर उडाले होते. ते ढकलून परत खड्ड्यात टाकायचे होते. यंत्रमानव पाठविला, जर्मनीहून आणलेला, तो किरणोत्सर्गाने बंद पडला. मग माणसे पाठविली. त्यांना 'जैविक यंत्रमानव' असे नाव दिले होते. मालिकेत ९० सेकंदांची मुदत आहे. शिशाचे पत्रे अंगाला बांधलेला एक पोरगा फावडे घेऊन पळत येतो, दोन-तीन ढेकळे ढकलतो, घंटा होते, परत पळतो, एकाचा पाय अडकतो, बूट फाटतो. त्याचे काम संपले. पुन्हा त्याला तिथे पाठवायचे नाही. धुक्यात आपण रुळावर फटाका ठेवतो ना, इंजिन वरून गेले की एकदा वाजतो आणि संपतो, तसे. अशी ३,८२८ माणसे त्या छपरावर गेल्याचे मालिका सांगते. एकूण सफाईच्या कामात पुढील काही वर्षांत सुमारे सहा लाख माणसे लागली.

आणि खाणकामगार. भट्टीखाली बोगदा खणायला सुमारे चारशे खाणकामगार आणले. उकाडा एवढा, की मालिकेत ते कपडे काढून काम करतात. त्यांचा मुकादम मंत्र्याला विचारतो, नंतर आमच्या माणसांकडे कोण बघणार? मंत्री म्हणतो, मला माहीत नाही. मालिकेतले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. तो बोगदा ज्यासाठी खणला, ते थंड करण्याचे यंत्र कधी वापरावे लागले नाही.

किती माणसे मेली? सोव्हिएत सरकारचा आकडा ३१. जागतिक संस्थांच्या २००५ सालच्या अहवालात, सर्वाधिक किरण लागलेल्यांमध्ये अखेर ४,००० पर्यंत मृत्यू होतील असा अंदाज होता. मालिका ४,००० ते ९३,००० असे सांगते. मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले, याविषयी वाद नाही. बाकी भांडण चालूच आहे. ३१ हा आकडा ज्यांना सोयीचा होता, त्यांनीच तो मोजला होता, एवढे ध्यानात ठेवा.

मी ज्यासाठी हा विषय घेतला, तो भाग आता येतो. खटला. जुलै १९८७ मध्ये चेर्नोबिलच्या सांस्कृतिक भवनात तो चालला. केंद्राचा संचालक ब्र्युखानोव्ह, मुख्य अभियंता फोमिन आणि द्यात्लोव्ह यांना प्रत्येकी दहा वर्षे. मालिकेत शास्त्रज्ञ लेगासोव्ह या खटल्यात उभा राहून दांड्यांचा दोष जगापुढे मांडतो. बघताना अंगावर काटा येतो. पण खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हता. खरा लेगासोव्ह ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि तिथे त्याने मुख्य भर पाळीवरच्या माणसांच्या चुकांवर दिला. २७ एप्रिल १९८८ रोजी त्याने गळफास घेतला. त्याच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही.

म्हणजे कोर्टात ते भाषण कुणी केलेच नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९८६ च्या अहवालात दोष ऑपरेटरचा. १९९२ मध्ये त्याच संस्थेने दुसरा अहवाल काढला आणि मान्य केले, की मूळ दोष भट्टीच्या रचनेत होता आणि तो चालविणाऱ्यांना नीट सांगितलेला नव्हता. सहा वर्षे! तोवर अकिमोव्ह आणि तोप्तुनोव्ह आरोपीच होते. मेले म्हणूनच त्यांच्यावरची कारवाई थांबली होती. २००८ साली युक्रेनने दोघांना मरणोत्तर शौर्यपदक दिले. बावीस वर्षांनी.

मालिकेविषयी माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. द्यात्लोव्हला तिने ओरडणारा, कागद भिरकावणारा खलनायक केले आहे. तो कडक आणि हेकट होता, चुकलाही असेल. पण एक वाईट साहेब दाखविला की बघणाऱ्याला बरे वाटते. शेवटच्या भागात दांड्यांचा दोष सांगितला आहे हे खरे, परंतु लोक उठून जातात ते त्या साहेबाला शिव्या देत. ज्याने कागदावर तसा दांडा काढला आणि ज्याने दुरुस्तीची फाईल दाबून ठेवली, त्यांचे चेहरे कुणाला आठवत नाहीत.

फार लांब जायला नको. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली. मालगाडीचा लोको पायलट जागीच गेला. त्याच दिवशी वरून जाहीर झाले, की त्याने सिग्नल पाळला नाही. नंतर बाहेर आले, की पहाटेपासून तिथली ऑटोमॅटिक सिग्नल यंत्रणा बंद होती आणि लाल सिग्नल ओलांडण्याचा लेखी अधिकार त्याला दिला गेला होता. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत अनेक पातळ्यांवरचे दोष आणि अपुरे प्रशिक्षण नोंदविले गेले. पण पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर जे सांगितले, तेच त्याच्या घरच्यांनी ऐकले.

एका पॉइंट्समनच्या खात्यांतर्गत चौकशीत मी डिफेन्स हेल्पर होतो. स्टेशनचे नाव घेत नाही. पॉइंट नीट बसत नाही, अशी त्या महिन्यात तीन वेळा नोंद झालेली होती. चौकशी अधिकाऱ्याचा प्रश्न एकच, त्या रात्री तुम्ही तो नीट का लावला नाही? नोंदवही मागितली तर मिळेना. आमच्या माणसाने एका नोंदीची नक्कल आपल्या वहीत करून ठेवली होती, म्हणून त्याची नोकरी वाचली. तरी तीन वर्षे वेतनवाढ रोखलीच.

चहाच्या वेळी एकाने मला विचारले, परदेशातली मालिका कशाला, भोपाळ इथून दोन तासांवर आहे. बरोबर आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री भोपाळ स्टेशनवरील आपल्या माणसांनी काय केले, यावरही २०२३ साली मालिका आली आहे. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी परवानगीची वाट न पाहता गाडी सोडली, हे इथल्या लहान पोरांनाही माहीत आहे. त्यावर वेगळा वर्ग घेऊ. तो विषय पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

चेर्नोबिलचे एवढेच राहिले. तिथल्या उरलेल्या भट्ट्या स्फोटानंतरही चालू होत्या, शेवटची १५ डिसेंबर २००० रोजी बंद झाली. म्हणजे चौदा वर्षे माणसे त्या जागी पाळीला जात होती. त्यांच्यासाठी स्लावुतिच नावाचे नवे गाव वसविले आणि तिथून केंद्रापर्यंत कामगारांची गाडी धावू लागली, मधला थोडा भाग बेलारूसच्या हद्दीतून. भट्ट्या बंद झाल्यावरही देखरेखीला माणसे लागतातच, त्यामुळे गाडी चालू राहिली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजांनी केंद्र ताब्यात घेतले. आदल्या रात्री पाळीला आलेली माणसे आत अडकली. गाडी बंद, पूल तुटलेला, रिलीव्हर येणार कुठून? ती एकच पाळी सुमारे पंचवीस दिवस चालली. सभोवती बंदूकधारी, आणि ही माणसे मीटर बघताहेत, नोंदी करताहेत. २० मार्चला स्लावुतिचमधून काही जण स्वखुशीने त्यांची पाळी घ्यायला गेले. चार्ज दिला, चार्ज घेतला.

दुपारच्या सत्रात नोंदींच्या नकला कशा ठेवायच्या आणि चौकशीत कोणता कागद कोणत्या दिवशी मागायचा, ते पुस्तिकेवरून बघू. येताना प्रत्येकाने वही-पेन आणावे. ज्यांची चारची पाळी आहे त्यांनी आधी जेवून घ्या, त्यांचे प्रश्न मी पहिल्यांदा घेतो.